इंजिन मोटारीचे, उड्डाण विमानाचे

पुणे-बंगळूर महामार्गावर कराडला लागूनच मलकापूर आहे. रात्री-अपरात्री महामार्गावर गाडी बंद पडली, तर चालक ती कडेला घेतो, मागचे दिवे लावतो आणि मेस्त्रीला फोन करतो. तासा-दोन तासांत पट्टा, पंप किंवा कॉइल बदलली जाते आणि गाडी पुढे निघते. याच मलकापुरातून कोयनेच्या पलीकडे काही किलोमीटरवर वारुंजीची विमानतळाची धावपट्टी आहे. तिथून उडालेल्या छोट्या विमानाचे इंजिन तीनशे मीटर उंचीवर बंद पडले, तर वैमानिकाच्या हाती साधारण पावणेतीन किलोमीटरची घसरण उरते. तेवढ्यात ऊस नसलेले मोकळे, सपाट रान सापडले तर ठीक. आकाशात गाडी कडेला घेण्याची सोय नाही.

मोटारीचे इंजिन विमानाला लावावे की नाही, हा प्रश्न या फरकातून निर्माण होतो. जगभरातले हौशी विमान बांधणारे गेली अनेक दशके त्याचे उत्तर शोधत आहेत. त्यांच्यातल्या एका गटाचा जीव विशेषकरून एका इंजिनावर जडला आहे. ते म्हणजे जपानी माझदा कंपनीचे ‘रोटरी’ इंजिन. आपल्याकडे माझदा म्हटले की ‘स्वराज माझदा’चा मालवाहू टेम्पो आठवतो. त्याचे इंजिन साध्या पिस्टनचे आणि डिझेलवर चालणारे. रोटरीचा प्रकार मात्र अगदी वेगळा आहे.

हा विषय केवळ परदेशी हौसेचा नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथे एका तरुण कारागिराने ‘मारुती ८००’चे इंजिन वापरून हेलिकॉप्टर बनवले. जमिनीवरच चाचणी सुरू असताना पंख्याचे पाते तुटून त्याला लागले आणि त्यात त्याचा जीव गेला. सातारा-सांगलीच्या पट्ट्यातही हाताने वाहन घडवणाऱ्यांची कमी नाही. कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातल्या सुट्या भागांतून किकवर सुरू होणारी छोटी जीप बनवली, तेव्हा उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात त्याला नवी बोलेरो दिली. कौशल्य आपल्या मातीत आहेच. ते जमिनीवरून आकाशात नेताना नेमके काय बदलते, हे समजून घेणे म्हणूनच गरजेचे आहे.

त्रिकोणाची फिरकी

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि क्रँक ती हालचाल गोल फिरवतो. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन दोनदा थांबतो आणि दोनदा उलट दिशेने पळतो. हवा आत घेणे आणि धूर बाहेर टाकणे हे काम व्हॉल्व्ह, स्प्रिंगा आणि कॅमशाफ्ट करतात. मेस्त्रीने हेड उतरवले की हे सगळे समोर दिसते.

जर्मनीचे फेलिक्स वँकेल यांनी हा वर-खालीचा खेळच काढून टाकला. त्यांच्या इंजिनात भुईमुगाच्या दोनदाणी शेंगेसारखे, मध्यभागी किंचित आवळलेले एक घर असते. त्यात फुगीर बाजूंचा त्रिकोण फिरतो. त्रिकोणाची तिन्ही टोके घराच्या भिंतीला सतत टेकलेली असतात. त्यामुळे त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूला एक, अशा तीन पोकळ्या तयार होतात. त्रिकोण फिरताना प्रत्येक पोकळी आळीपाळीने मोठी आणि लहान होते. ती मोठी होताना हवा-इंधन आत येते, लहान होताना ते दाबले जाते. मग ठिणगी पडते, वायू फुगून त्रिकोणाला रेटा देतो आणि शेवटी धूर बाहेर जातो.

त्रिकोण एकदा फिरतो तेव्हा मधला दांडा तीनदा फिरतो. म्हणजे दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक रेटा मिळतो. दोन त्रिकोण बसवले तर फेऱ्याला दोन रेटे मिळतात, म्हणजे चार सिलिंडरच्या इंजिनाइतकेच. या दुहेरी इंजिनात हलणारे मुख्य भाग मात्र तीनच असतात. दोन त्रिकोण आणि एक दांडा. व्हॉल्व्ह नाहीत, स्प्रिंगा नाहीत, कनेक्टिंग रॉडही नाहीत.

इथे नावाचा एक घोटाळा टाळायला हवा. पहिल्या महायुद्धातल्या अनेक लढाऊ विमानांच्या इंजिनांनाही ‘रोटरी’ म्हणत. फ्रान्सचे ‘नोम’ हे त्यातले गाजलेले नाव. त्यांत दांडा स्थिर असे आणि सिलिंडरच पंख्याबरोबर गरागरा फिरत. वँकेलच्या इंजिनाशी त्यांचा संबंध नाही.

सैतानाची नखे

वँकेल यांना या कल्पनेचे पहिले पेटंट १९२९ मध्ये मिळाले. प्रत्यक्ष इंजिन धडधडले ते १ फेब्रुवारी १९५७ रोजी, जर्मनीच्या ‘एनएसयू’ कंपनीत. अनेक कंपन्यांनी ते बनवण्याचे परवाने घेतले, पण बहुतेकांनी नाद सोडला. कारण त्रिकोणाच्या टोकांवरच्या पट्ट्या. पिस्टनला जशा रिंगा, तशा त्रिकोणाला या पट्ट्या असतात. त्यांना ‘अपेक्स सील’ म्हणतात. भिंतीवरून सतत घासत जाताना त्या थरथरत आणि भिंतीवर आडव्या ओरखड्यांची रांग उमटे. माझदाच्या अभियंत्यांनी त्या ओरखड्यांना ‘सैतानाची नखे’ असे नाव दिले.

केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली ४७ अभियंत्यांचा गट या नखांच्या मागे लागला. पट्टीची धातू आणि रचना बदलत त्यांनी थरथर आटोक्यात आणली. १९६७ मध्ये ‘कॉस्मो स्पोर्ट’ ही माझदाची पहिली रोटरी मोटार बाजारात आली. पुढे ‘आरएक्स-७’ आणि ‘आरएक्स-८’ या गाड्यांनी नाव कमावले. १९९१ मध्ये फ्रान्समधील ल माँ येथील २४ तासांची शर्यत माझदाच्या चार त्रिकोणांच्या ‘७८७बी’ गाडीने जिंकली. चोवीस तास पूर्ण दमाने पळणारे इंजिन विमानाला का चालू नये, असा प्रश्न मग अनेकांना पडला.

भुरळ कशाची?

अमेरिकेत १९५३ मध्ये ‘एक्सपरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही हौशी विमानकारांची संघटना सुरू झाली. तिथे अर्ध्याहून अधिक काम स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी केले, तर घरी बांधलेल्या विमानाला वेगळ्या वर्गात परवाना मिळतो. अशी तीस हजारांहून अधिक विमाने तिथे आहेत. त्यांतली बहुतेक विमाने विमानासाठीच बनवलेले इंजिन वापरतात. ते महाग असते, पण साधारण दोन हजार तास चालल्यावरच त्याचे मोठे काम काढायचे असते. उरलेल्यांपैकी काहींनी मोटारीचे इंजिन निवडले आणि त्यांतल्या थोड्यांनी माझदाचे ‘१३बी’.

हे ‘१३बी’ केवळ १,३०८ सीसीचे. तरीही टर्बो न लावता ते दीडशे ते दोनशेच्या आसपास अश्वशक्ती देते. आकार लहान, कंपन कमी. प्रत्येक त्रिकोणाला मुळातच दोन स्पार्क प्लग असतात. भंगारातल्या गाडीतून ते स्वस्तात मिळते आणि साध्या पेट्रोलवर चालते.

सर्वांत मोठे आकर्षण वेगळेच आहे. पिस्टनच्या इंजिनात व्हॉल्व्ह तुटून आत पडला किंवा कनेक्टिंग रॉड मोडला, तर इंजिन बहुधा जागीच अडकते. रोटरीत टोकाची पट्टी तुटली तर दाब गळतो आणि ताकद घटते, पण बऱ्याचदा इंजिन कुरकुरत का होईना, फिरत राहते. धावपट्टीपर्यंत पोहोचण्यासाठी तेवढेही पुरते. ‘अचानक थांबत नाही, हळूहळू थकते’ हे या इंजिनाच्या चाहत्यांचे मुख्य म्हणणे आहे आणि त्यात तथ्य आहे.

इंजिन टिकते, जोडणी दगा देते

मात्र विमान केवळ इंजिनावर उडत नाही. इंजिनाभोवती जे जोडावे लागते, त्यात खरी परीक्षा असते. मोटारीचे इंजिन बनवणाऱ्या कंपनीने हजारो तास चाचण्या घेतलेल्या असतात. हौशी विमानकार त्या इंजिनाला जे जोडतो, ते बहुतेक वेळा जगात एकच असते. ते त्याच्या छपरीत बनलेले असते आणि त्याची चाचणी त्याच्याच जिवावर होणार असते.

पहिली अडचण फेऱ्यांची. रोटरीची ताकद मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या आसपास मिळते. सहा फुटी पंखा थेट त्या वेगाने फिरवला, तर पात्याचे टोक सेकंदाला सुमारे ५७५ मीटर वेगाने जाईल. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर. पात्याचे टोक ध्वनीचा वेग ओलांडू लागले, की पंखा हवा मागे ढकलण्याऐवजी नुसता कर्कश गोंगाट करतो. म्हणून मध्ये गिअर बसवून फेरे निम्म्याहून खाली आणावे लागतात.

हा गिअर म्हणजे केवळ दोन दातेरी चाके नव्हेत. इंजिनाचे रेटे आणि पंख्याचे जड वजन यांच्यात तो सापडलेला असतो. झोक्याला योग्य वेळी छोटे धक्के देत राहिले की झोका उंच जातो. तसेच इंजिनाच्या रेट्यांची लय आणि दांड्याची स्वतःची लय जुळली, तर दांड्यातला पीळ प्रत्येक धक्क्याला वाढत जातो आणि भक्कम पोलादही तुटते. अशी लय कोणत्या फेऱ्यांवर जुळते हे डोळ्यांना दिसत नाही. ते गणिताने आणि मोजणीने शोधावे लागते. पंखा बदलला की गणितही बदलते.

दुसरी अडचण उष्णतेची. महामार्गावर सरळ धावणाऱ्या मोटारीचे काम इंजिनाच्या क्षमतेच्या पाव भागात भागते. विमान उड्डाणाच्या वेळी पूर्ण ताकद मागते आणि पुढेही तासन्‌तास ६५ ते ७५ टक्के ताकदीवर चालते. मोटारीचा रेडिएटर त्या मानाने बनवलेलाच नसतो. त्यात रोटरीचा त्रिकोण आतून तेलाने थंड होतो. त्यामुळे पाण्याच्या रेडिएटरइतकेच लक्ष तेलाच्या कूलरकडे द्यावे लागते. सर्वांत कठीण वेळ असते ती चढणीची. तेव्हा ताकद पूर्ण लागते आणि वेग कमी असतो. मे महिन्याच्या उन्हात तर तापमानाचा काटा बघता बघता लाल रेषेकडे सरकतो. धूरही पिस्टनच्या इंजिनापेक्षा तापलेला असतो. साधा सायलेन्सर तो फार काळ सोसत नाही.

तिसरी अडचण विजेची. विमानाच्या पारंपरिक इंजिनात दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. ते स्वतःच वीज तयार करून ठिणगी देतात. बॅटरी गेली तरी इंजिन चालते. आधुनिक मोटारीच्या इंजिनात ठिणगी, इंधनाचा फवारा आणि पंप हे सगळे विजेवर चालते. एक ढिली तार, एक उडालेला फ्यूज आणि धडधाकट इंजिन बंद. दोन प्लग असून उपयोग नाही, जर दोघांची वीज एकाच बॅटरीतून येत असेल. म्हणून जाणते विमानकार दुसरी बॅटरी, दुसरा पंप आणि दुसरा नियंत्रक बसवतात.

गिअर, दोन रेडिएटर, पाणी, जादा बॅटरी हे सगळे मोजले की सुरुवातीला हलके वाटलेले इंजिन प्रमाणित इंजिनाच्या वजनाजवळ पोहोचते. त्यात रोटरी पेट्रोलही जास्त पिते. तिची ज्वलनाची पोकळी लांबट आणि चपटी असल्याने सगळे इंधन नीट जळत नाही. स्वस्त इंजिन आणि स्वस्त उड्डाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लक्षात येते.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी आणि हौशी उड्डाणांच्या ताफ्यात अशी विमाने सुमारे १० टक्के होती. मात्र २०११ च्या अपघातांत त्यांचा वाटा १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के होता. इंजिन व त्याच्या जोडणीतला बिघाड आणि विमानावरचा ताबा सुटणे ही प्रमुख कारणे आढळली. तिथला नियमही हेच मानतो. प्रमाणित इंजिन आणि पंखा असेल तर प्रवाशाविना चाचणी उड्डाणांचे २५ तास पुरेसे मानले जात. मोटारीचे इंजिन असेल तर ४० तास.

अहिल्यानगरचा त्रिकोण

रोटरी इंजिनाने भारतात उड्डाण केले आहे आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. ‘निशांत’ या लष्करी मानवरहित विमानासाठी परदेशी रोटरी इंजिन वापरले जात होते. त्याऐवजी ५५ अश्वशक्तीचे देशी वँकेल इंजिन तयार करण्याचे काम संरक्षण संशोधन संस्थेच्या अहिल्यानगर येथील वाहन संशोधन केंद्राने, म्हणजे ‘व्हीआरडीई’ने, बंगळूरची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा आणि वैमानिकी विकास आस्थापना यांच्या साथीने हाती घेतले.

५ एप्रिल २००९ रोजी कर्नाटकातील कोलार येथे या इंजिनाने पहिले उड्डाण केले. विमान १.८ किलोमीटर उंचीवर गेले आणि एकूण सुमारे ४० मिनिटांनी सुखरूप उतरले. इंजिनाचे वजन जेमतेम ३० किलोच्या आसपास. सैतानाच्या नखांवरचा उपायही इथेच तयार झाला. घराच्या आतल्या भिंतीला निकेल आणि सिलिकॉन कार्बाइड यांचा कठीण लेप दिला गेला. ‘निशांत’चा प्रकल्प पुढे २०१५ मध्ये थांबला, पण असे इंजिन देशात बनू शकते हे सिद्ध झाले.

या कामातला धडा हौशी विमानकारांसाठीही आहे. तीन मातब्बर संस्थांनी मिळून बनवलेल्या इंजिनाचे पहिले उड्डाण माणूस न बसवता झाले आणि त्याआधी तात्पुरते प्रमाणपत्र घेतले गेले. परदेशातही वँकेल इंजिन आकाशात टिकले ते अशाच ठिकाणी. ‘शॅडो’ या अमेरिकी मानवरहित विमानात ते आहे. जर्मनीच्या ‘एएसएच २६ ई’ या ग्लायडरमध्येही आहे. ग्लायडरचे इंजिन बंद पडले तरी ते पंखांवर तरंगत दूरवर जाऊ शकते.

शिसे, धूर आणि माणूस

या चर्चेला आरोग्याचीही बाजू आहे. पिस्टनच्या बहुतेक विमानांना लागणारे ‘१०० एलएल’ इंधन आजही शिसेयुक्त आहे. एका लिटरमध्ये ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते. भारतात मोटारीच्या पेट्रोलमधून शिसे २००० मध्येच हद्दपार झाले, कारण लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि रक्तातले त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये विमानांच्या शिसेयुक्त धुराला सार्वजनिक आरोग्यास घातक ठरवले. मोटारीचे इंजिन बिनशिशाच्या पेट्रोलवर चालते, ही त्याची जमेची बाजू.

पण आपल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांना त्यातून आधार मिळतो आणि मोटारींना ते चालते. इथेनॉल मात्र हवेतले पाणी शोषते, काही रबरी नळ्या आणि टाकीचे लेप खराब करते. पाणी वाढले की ते पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. रस्त्यावर त्याने गाडी आचके देते, आकाशात इंजिन बंद पडते. बहुतेक प्रमाणित विमान इंजिनांना इथेनॉलमिश्रित पेट्रोल म्हणूनच वर्ज्य आहे.

दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. तापून तडकलेल्या धुराच्या नळीतून तो केबिनमध्ये शिरला, तर आधी डोके दुखते, मग गुंगी येते. उंचीवर ऑक्सिजन आधीच विरळ असल्याने परिणाम लवकर होतो. आपला निर्णय चुकतो आहे हे वैमानिकाला कळतच नाही. अतिशय तापलेला धूर सोडणाऱ्या रोटरीच्या विमानात या वायूची सूचना देणारे यंत्र चैन नव्हे, गरज आहे.

वाट लांबची, पण आहे

भारतात घरी बांधलेले विमान उडवायचे तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी हवी. ती मिळू शकते, हे कॅप्टन अमोल यादव यांनी दाखवले. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांसमोर आले, नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी झाली आणि उड्डाणाची परवानगी हाती पडायला ऑक्टोबर २०१९ उजाडले. यादव स्वतः व्यावसायिक वैमानिक आहेत, हेही विसरून चालणार नाही.

हा विलंब अनेकांना जाचक वाटतो आणि प्रक्रिया सोपी व्हावी ही मागणी रास्त आहे. पण तपासणी टाळण्याची किंमत काय असते, ते फुलसावंगीत दिसले. तिथल्या तरुणाकडे हात होते, डोके होते, चिकाटी होती. पात्यात किती ताण येतो हे मोजून देणारे आणि ‘अजून सुरू करू नकोस’ असे सांगणारे कोणी जवळ नव्हते.

कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे. पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे, जिथे १९१० पासून यंत्रे घडत आली. मलकापूरच्या महामार्गावर इंजिन कानाने ओळखणारे मेस्त्री आहेत. कंपन मोजणारी प्रयोगशाळा आणि इंजिन उघडणारा हात एकमेकांपासून काही किलोमीटरवरच आहेत. पंखा जोडलेले इंजिन आधी जमिनीवर, घट्ट बांधलेल्या चौकटीवर, जाळीच्या आड, शेकडो तास चालवून पाहणे हे काम दोघांनी मिळून करण्यासारखे आहे. त्यात कोणाचा जीव टांगणीला लागत नाही आणि जे तुटायचे ते जमिनीवरच तुटते.